दाबवर्धक रोहित्र, कर्मशाळेतील

कर्मशाळेस मिळणाऱ्या पुरवठ्याचा विद्युत् दाब तेथील एखाद्या यंत्रास लागणाऱ्या दाबापेक्षा कमी असल्यास तो वाढवून यंत्रास पुरविणाऱ्या साधनास दाबवर्धक रोहित्र म्हणतात. बाजारात व कारागिरांच्या बोलण्यात ते ‘स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर’ या नावाने ओळखले जाते. याची रचना साधी, कार्यक्षमता उच्च व आयुष्य दीर्घ असते. तथापि दाब वाढविण्यापलीकडे ते फारसे काही करीत नाही, ही गोष्ट लक्षात न घेता निवड केल्यास रोहित्र सुस्थितीत राहते आणि त्यावर चालणारे यंत्र मात्र जळते. म्हणून रोहित्राची निवड ही मुख्यतः यंत्राची गरज व पुरवठ्याची स्थिती यांच्या मोजमापाची बाब आहे.

खानदेशातील उपयोग : दाबवर्धक रोहित्रांची सर्वांत मोठी उदाहरणे वीजनिर्मिती केंद्रांत आढळतात. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक केंद्रात जनित्रांतून मिळणारा दाब अशा रोहित्रांनी वाढवून वीज पारेषण मार्गांवर सोडली जाते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथील सौर प्रकल्पात सौर पट्टांपासून मिळणारा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणारा) करून त्याचा दाब याच रीतीने चढवितात. दाब वाढविल्यास तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने वाहून नेता येते व तारांतील ऊर्जाव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, हा तेथील हेतू असतो.

कर्मशाळेतील हेतू वेगळा आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया व नळ तयार करणारे कारखाने, डाळ गिरण्या आणि त्यांची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कर्मशाळा आहेत. धुळ्यात यंत्रमाग, तेलगिरण्या व अभियांत्रिकी कर्मशाळा आहेत, तर दोन्ही जिल्ह्यांच्या कापूस पिकविणाऱ्या भागांत सरकी काढण्याचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी दाबवर्धक रोहित्राचा विचार दोन प्रसंगी होतो : परदेशी, विशेषतः जुने, यंत्र येथील पुरवठ्यापेक्षा अधिक दाबाचे असते तेव्हा, आणि वितरण मार्गाच्या टोकाशी पुरवठ्याचा दाबच खाली येतो तेव्हा. वरवर पाहता दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात, परंतु त्यांची उत्तरे भिन्न आहेत.

तत्त्व : मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनावर रोहित्राचे कार्य आधारलेले आहे. बूडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील कारोय झिपर्नोव्हस्की, मिक्शा देरी व ओटो ब्लाथी यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे व्यावहारिक रोहित्र तयार केले. पातळ पोलादी पत्र्यांच्या गाभ्यावर प्राथमिक व द्वितीयक अशा दोन गुंडाळ्या असतात. त्यांतील दाबांचे गुणोत्तर वेढ्यांच्या संख्यांच्या गुणोत्तराइतके असते. द्वितीयक गुंडाळीत वेढे अधिक असल्यास दाब वाढतो, परंतु प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो. शक्ती वाढत नाही. उलट गाभ्यातील व गुंडाळ्यांतील व्ययामुळे ती किंचित घटते.

यावरून रोहित्राच्या चार मर्यादा स्पष्ट होतात. ते शक्ती निर्माण करीत नाही, प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) बदलत नाही, एककला पुरवठ्यापासून त्रिकला पुरवठा तयार करीत नाही आणि बदलता दाब स्थिर करीत नाही. निवडीतील बहुतेक चुका यांपैकी एखादी मर्यादा विसरल्याने होतात.

पुरवठा व यंत्र यांतील तफावत : महाराष्ट्रात लघुदाब त्रिकला पुरवठा दोन कलांमध्ये सुमारे ४१५ व्होल्ट व कला आणि तटस्थ तार यांमध्ये सुमारे २४० व्होल्ट दाबाचा असून त्याची कंप्रता ५० हर्ट्झ असते. गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले, लोक ज्यास ‘डीपी’ म्हणतात ते वितरण रोहित्र, ११,००० व्होल्टांचा दाब भार नसताना ४३३ व्होल्टांवर आणते. तेथून कर्मशाळेपर्यंतच्या तारांत काही दाब खर्ची पडतो. भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनी लघुदाबासाठी दोन्ही बाजूंस ६ टक्के इतकी सूट मान्य केली होती. ४१५ व्होल्टांसाठी ही मर्यादा सुमारे ३९० ते ४४० व्होल्ट अशी येते.

जर्मन किंवा अन्य यूरोपीय यंत्रे बहुधा ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ यांसाठी बनविलेली असतात. त्यांना सामान्यतः रोहित्र लागत नाही. जपानी यंत्रे पुष्कळदा २०० किंवा २२० व्होल्टांची असतात. त्यांना दाब उतरविणारे रोहित्र लागते. अमेरिकेत औद्योगिक पुरवठा प्रायः ४८० व्होल्ट, ६० हर्ट्झ असतो व तेथील चलित्रांच्या नामपट्टिकेवर ४६० व्होल्ट लिहिलेले असते. कॅनडात याहून वरचा, ६०० व्होल्टांचा पुरवठाही प्रचलित आहे. या दोन देशांतील यंत्रांसाठी दाबवर्धक रोहित्राची मागणी होते.

कंप्रतेचा प्रश्न : अमेरिकी यंत्र ४६० व्होल्टांचे व पुरवठा ४१५ व्होल्टांचा, तेव्हा ४५ व्होल्ट कमी पडतात, असा हिशेब सहज मांडला जातो. साध्या प्रवर्तन चलित्राच्या बाबतीत तो चुकीचा आहे. चलित्राच्या गाभ्यातील चुंबकीय अभिवाह (गाभ्यातून जाणाऱ्या एकूण बलरेषा) दाबावर नव्हे, तर दाब भागिले कंप्रता या गुणोत्तरावर अवलंबून असतो. ४६० व्होल्ट व ६० हर्ट्झ यांचे गुणोत्तर सुमारे ७·६७ येते. ५० हर्ट्झवर हेच गुणोत्तर राखण्यास केवळ ३८३ व्होल्ट पुरतात. म्हणजे येथील ४१५ व्होल्टांचा पुरवठा अशा चलित्रास कमी नसून सुमारे ८ टक्के जास्तच आहे. रोहित्राने तो ४६० व्होल्टांपर्यंत चढविल्यास अभिवाह २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त (अधिक अभिवाह सामावून घेण्यास असमर्थ) होतो, चुंबकन प्रवाह बेसुमार वाढतो आणि भार नसतानाही चलित्र तापते. खर्च करून बसविलेले रोहित्र येथे चलित्राच्या नाशास कारणीभूत ठरते.

असे चलित्र ४१५ व्होल्टांस सरळ जोडून भार काहीसा कमी ठेवल्यास पुष्कळदा चालते; काही उत्पादक ५० हर्ट्झसाठीचे वेगळे दाबमूल्य नामपट्टिकेवर नमूदही करतात. मात्र त्याचा वेग पाच-षष्ठांशावर येतो. चार ध्रुवांच्या चलित्राचा समकालिक वेग मिनिटास १,८०० फेऱ्यांऐवजी १,५०० फेऱ्या होतो. लेथमध्ये कप्पी बदलून हा फरक भरून काढता येतो. पंप व पंखे यांत मात्र द्रवाचा वा हवेचा पुरवठा घटतो.

याउलट दोन प्रकारच्या भारांना कंप्रतेशी कर्तव्य नसते. पहिला तापक तारांचा. प्लॅस्टिकच्या बहिःसारण यंत्रातील (वितळलेले प्लॅस्टिक साच्यातून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातील) ४८० व्होल्टांचे तापक ४१५ व्होल्टांवर जोडल्यास त्यांची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे ७५ टक्के उरते व माल वितळण्यास विलंब लागतो. दुसरा भार इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रकांचा. संगणक-नियंत्रित यंत्रांत येणारा प्रवाह प्रथम एकदिश केला जातो, त्यामुळे मूळ कंप्रतेस महत्त्व राहत नाही. परंतु दाब ठराविक मर्यादेखाली गेल्यास नियंत्रक यंत्र बंद करतो. या दोन्ही ठिकाणी दाबवर्धक रोहित्र योग्य ठरते. अशा यंत्रांतही वंगण व शीतक द्रव यांचे पंप, पंखे किंवा नियंत्रण मंडलाचे लहान रोहित्र थेट पुरवठ्यावर चालत असल्यास त्या प्रत्येकाची नामपट्टिका स्वतंत्रपणे तपासणे व गरजेनुसार त्यांना वेगळा पुरवठा देणे आवश्यक असते.

कमी दाबाचा पुरवठा : वितरण मार्गाच्या टोकाशी असलेल्या कर्मशाळेत कामाच्या वेळी दाब ३६० व्होल्टांपर्यंत उतरतो असे समजू. प्रवर्तन चलित्राचे परिपीडन (आस फिरविणारा पीळ) दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते ४१५ व्होल्टांच्या मानाने ७५ टक्क्यांवर येते. भारित यंत्र सुरू होत नाही किंवा तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह घेऊन तापते. अशा वेळी ३६० चे ४१५ करणारे, म्हणजे १·१५ गुणोत्तराचे, रोहित्र बसविण्याचा मोह होतो. परंतु रात्री शेजारचे कारखाने थांबले व पुरवठा ४३० व्होल्टांवर गेला, तर तेच रोहित्र यंत्रास जवळजवळ ४९५ व्होल्ट देते. तापकांसारख्या भारावर आणखी एक दोष उद्‌भवतो. दाब १५ टक्क्यांनी वाढला म्हणजे पुरवठ्याच्या तारांतून घेतला जाणारा प्रवाह सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, तारांतील दाबपात आणखी वाढतो आणि शेजाऱ्याचा दाब अधिकच खाली जातो.

म्हणून बदलत्या दाबावर स्थिर गुणोत्तराचे रोहित्र हा उपाय नव्हे. प्रथम दाब कोठे हरवतो ते शोधावयास हवे. मीटरपाशी दाब पुरेसा व यंत्रापाशी कमी असल्यास दोष कर्मशाळेतील बारीक तारा वा सैल सांधे यांत असतो. तिन्ही कलांतील दाब असमान असल्यास एककला भारांची वाटणी बदलावी लागते. शक्तिगुणक कमी असल्यास योग्य क्षमतेची धारित्रे जोडल्याने तारांतील प्रवाह घटतो व दाब काही अंशी सुधारतो. मीटरपाशीच दाब सतत कमी असल्यास ती बाब वीज वितरण कंपनीकडे नेण्याची असते. वितरण रोहित्रावरील जोडणीचा टप्पा बदलणे किंवा नवे रोहित्र उभारणे हे तिचे काम आहे. एवढे करूनही चढउतार राहिल्यास दाब आपोआप समायोजित करणारा दाबस्थिरक वापरतात. त्यात लहान चलित्राच्या साहाय्याने गुंडाळीवरील संपर्कस्थान सरकत राहते व बाहेरचा दाब ठराविक मर्यादेत राखला जातो.

क्षमता ठरविणे : रोहित्राची क्षमता किलोवॉटमध्ये नव्हे, तर किलोव्होल्ट-अँपिअर या एककात, संक्षेपाने केव्हीएमध्ये, देतात. कारण गुंडाळी तापते ती प्रवाहामुळे. त्या प्रवाहापैकी किती उपयुक्त काम करतो यावर तिचे तापणे अवलंबून नसते. त्रिकला भारासाठी ही क्षमता १·७३२ × व्होल्ट × अँपिअर ÷ १,००० या सूत्राने मिळते. समजा, एक यंत्र ४८० व्होल्टांवर पूर्ण भारास २४ अँपिअर प्रवाह घेते. त्याची गरज सुमारे २० केव्हीए येते. ४१५ व्होल्टांच्या बाजूस तोच भार सुमारे २८ अँपिअर घेईल; पुरवठ्याच्या केबलची जाडी व संरक्षक साधने या प्रवाहावरून ठरवावी लागतात. भविष्यातील वाढ व उष्ण हवामान ध्यानात घेता येथे २५ केव्हीए ही किमान क्षमता होय.

चलित्र थेट सुरू होत असल्यास हा हिशेब अपुरा पडतो. सुरू होताना ते पूर्ण भाराच्या सुमारे सहापट प्रवाह घेते. २५ केव्हीए रोहित्राचा ४८० व्होल्टांवरील नियत प्रवाह सुमारे ३० अँपिअर आहे. सुरुवातीचे १४४ अँपिअर म्हणजे त्याच्या ४·८ पट. रोहित्राचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा एकूण विरोध) ४ टक्के असल्यास त्या क्षणी दाब जवळजवळ १९ टक्क्यांनी कोसळतो. ४० केव्हीए रोहित्र घेतल्यास हा पात सुमारे १२ टक्क्यांवर येतो. तारका-त्रिकोण प्रारंभक किंवा मृदू प्रारंभक वापरून सुरुवातीचा प्रवाहच कमी करणे बहुधा अधिक किफायतशीर असते. वितळजोडकाम (वेल्डिंग) करणारी यंत्रे व वेगनियंत्रक यांचे भार निराळे असतात. वेगनियंत्रकांमुळे मूळ कंप्रतेच्या पटींतील कंप्रतांचे प्रवाह निर्माण होऊन गुंडाळ्या अधिक तापतात. खरेदीच्या वेळी भाराचे हे स्वरूप निर्मात्यास कळविणे इष्ट असते.

गरजेपेक्षा फार मोठे रोहित्र घेणेही लाभाचे नाही. गाभ्यातील व्यय भार असो वा नसो, चालूच राहतो. तो केवळ १०० वॉट धरला, तरी रात्रंदिवस जोडलेले रोहित्र वर्षाला ८७६ युनिटे वीज खाते. काम संपल्यावर ते प्राथमिक बाजूने बंद करण्याची सोय असावी.

प्रकार व जोडणी : दोन स्वतंत्र गुंडाळ्यांच्या रोहित्रात यंत्र पुरवठ्यापासून विद्युत् दृष्ट्या अलग राहते. प्राथमिक गुंडाळी त्रिकोण व द्वितीयक गुंडाळी तारका पद्धतीने जोडल्यास यंत्राच्या बाजूस स्वतःचा तटस्थ बिंदू मिळतो. हा बिंदू भूसंपर्कित करणे अत्यावश्यक आहे. तसे न केल्यास एखादी कला यंत्राच्या सांगाड्यास टेकली तरी वितळतार वितळत नाही, दोष दडून राहतो आणि दुसरा दोष घडेपर्यंत कामगारास त्याची कल्पना येत नाही.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंस एकच गुंडाळी सामाईक असते. यास ऑटो-ट्रान्सफॉर्मर म्हणतात. ४१५ चे ४८० व्होल्ट करताना एकूण शक्तीच्या केवळ १३·५ टक्के भाग चुंबकीय मार्गाने रूपांतरित करावा लागतो. त्यामुळे २० केव्हीए भारासाठी सुमारे २·७ केव्हीए रोहित्राइतकाच गाभा पुरतो व ते हलके आणि स्वस्त पडते. मात्र त्यात यंत्र पुरवठ्यापासून अलग होत नाही. यंत्राच्या नियंत्रकास स्वतंत्र, भूसंपर्कित तटस्थ बिंदू लागत असल्यास हा प्रकार टाळावा.

जुन्या बाजारातून मिळालेले ४८० चे ४१५ करणारे रोहित्र उलटे जोडून वापरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तत्त्वतः ते शक्य आहे. पण भाराखालील दाबपात भरून काढण्यासाठी त्यातील द्वितीयक वेढे थोडे अधिक ठेवलेले असल्यास उलट वापरात अपेक्षेपेक्षा कमी दाब मिळतो. शिवाय त्रिकोण-तारका रोहित्र उलटे केल्यास यंत्राकडील बाजू त्रिकोण होते व तिला तटस्थ बिंदू राहत नाही.

तापमान व जागा : जळगाव, भुसावळ व धुळे या भागांत उन्हाळ्यात कमाल तापमान पुष्कळदा ४५° से.च्या घरात जाते आणि पत्र्याच्या छपराखालील हवा त्याहूनही तापलेली असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार रोहित्राभोवतीच्या हवेचे कमाल तापमान ४०° से. धरतात, भारतीय मानकांत वितरण रोहित्रांसाठी ते ५०° से. धरलेले आहे. म्हणून परदेशी बनावटीच्या रोहित्राच्या पट्टिकेवरील क्षमता खानदेशातील मे महिन्यात जशीच्या तशी गृहीत धरता येत नाही. तेलात बुडविलेल्या रोहित्राचे कागदी निरोधन सुमारे ६° से. अधिक तापल्यास त्याचे आयुष्य निम्मे होते, असा अनुभवसिद्ध नियम आहे. या भागातील शहरे समुद्रसपाटीपासून १,००० मी.पेक्षा पुष्कळ खाली असल्याने उंचीसाठी मात्र क्षमता घटवावी लागत नाही.

आवारात लहान क्षमतेसाठी शुष्क (हवेने थंड होणारे) रोहित्र सोयीचे असते, कारण त्यात तेल पेटण्याचा धोका नसतो. परंतु सरकी काढण्याच्या कारखान्यातील कापसाची तुसे व डाळ गिरणीतील टरफलांची धूळ त्याच्या हवामार्गांत साचून शीतन थांबते. अशा ठिकाणी रोहित्र धुळीपासून वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवतात व ठराविक काळाने, पुरवठा बंद करून, साफ करतात.

संरक्षण व चाचणी : रोहित्र चालू करताच क्षणभर नियत प्रवाहाच्या दहा-बारा पट चुंबकन प्रवाह वाहू शकतो. प्राथमिक बाजूचा मंडल खंडक तो सहन करणारा, पण प्रत्यक्ष भारवाढीस प्रतिसाद देणारा असावा लागतो. केवळ प्राथमिक बाजूच्या संरक्षणावर विसंबून न राहता द्वितीयक बाजूसही स्वतंत्र खंडक बसवितात. भारतातील नियमांनुसार रोहित्राचे व स्थिर चलित्रांचे धातूचे सांगाडे दोन वेगवेगळ्या तारांनी भूसंपर्कित करावे लागतात व हे काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून करून घ्यावे लागते.

खरेदीच्या वेळी गुंडाळ्यांचा रोध, दाबांचे गुणोत्तर, जोडणीचा गट, संरोध, भारासहित व भाराविना होणारे व्यय आणि निरोधनाची क्षमता यांच्या नित्य चाचण्यांचा दाखला मागतात. प्राथमिक बाजूस अडीच किंवा पाच टक्क्यांच्या अंतराने जोडणीचे टप्पे असल्यास स्थानिक दाबानुसार गुणोत्तर थोडेफार बदलता येते. यंत्र जोडण्यापूर्वी भाराविना, तिन्ही कलांचा दाब मोजून पाहणे आवश्यक असते.

या सर्व निर्णयांस लागणारी उपकरणे मोजकीच आहेत : एक विश्वसनीय व्होल्टमापक, एक प्रवाहमापक आणि यंत्रावरील प्रत्येक नामपट्टिकेची नक्कल. आठवडाभर सकाळी, दुपारी भर कामाच्या वेळी व रात्री घेतलेल्या दाबाच्या नोंदी जवळ असल्यास रोहित्र कोणते घ्यावे याचेच नव्हे, तर ते घ्यावे की नाही याचेही उत्तर मिळते.